स्मारक नाण्यांचे संच आणि जुनी चांदी: हौसेला पैकीच्या पैकी, गुंतवणुकीला काठावर पास

स्मारक नाण्यांचा संच हातात घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पुढे याचे किती येतील?’ त्याचं उत्तर द्यायला आधी उलट विचारावं लागतं, की नाणं कोणतं? ‘भारताची स्मारक नाणी’ या एका नावाखाली तीन वेगळे माल विकले जातात. १९६४ पासून रोजच्या व्यवहारात आलेली साध्या धातूची नाणी, १९६९ पासून आलेली चांदीची मोठी नाणी, आणि सरकारी टाकसाळ खास संग्राहकांसाठी काढते ते यूएनसी (व्यवहारात न फिरलेल्या नाण्यांचे) व प्रूफ (खास चमकवलेल्या ठशांनी पाडलेल्या नाण्यांचे) संच. पहिल्यात पैसे फारसे जात नाहीत. दुसऱ्यात डोकं लागतं. तिसऱ्यात खिसा हलका होतो, आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द नेमका त्या तिसऱ्यालाच चिकटवून विकला जातो.

सुरुवात जुन्या चांदीपासून करू, कारण घोळ तिथे जास्त आहे. गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं वजनाला १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि चांदी ८० टक्के. म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. १९७० आणि १९७१ चं अन्नविषयक १० रुपयांचं नाणंही याच वजनाचं आणि याच कसाचं. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला १० रुपयांचं नाणं आलं ते चांगलं जाडजूड, २२.५ ग्रॅमचं, पण त्यात चांदी ५० टक्केच. हिशेब केला तर ११.२५ ग्रॅम. हाताला दीडपट जड लागणाऱ्या नाण्यात चांदी मात्र कमी! ‘बघा, केवढं वजन आहे’ म्हणत विक्रेता जास्त भाव सांगतो तेव्हा हा गुणाकार तोंडपाठ असलेला बरा. १९७३ च्या १० रुपयांतही चांदी निम्मीच. त्याच वर्षीचं २० रुपयांचं ३० ग्रॅमचं, म्हणजे त्यात १५ ग्रॅम चांदी. १९७४ पासून चांदी ५० रुपयांच्या नाण्यात गेली (३४.७ ग्रॅम, निम्मी चांदी) आणि १९८० च्या दशकात १०० रुपयांच्या (३५ ग्रॅम, निम्मी चांदी).

याच टप्प्यावर फसगत होते. १९७४ पासूनची १० रुपयांची मोठी नाणी तांबं-निकेलची आहेत. आकार १९७२ च्या नाण्यासारखा, चमक जवळपास तशीच, आणि ‘दहा रुपयांचं जुनं चांदीचं नाणं’ म्हणून ती बिनदिक्कत खपवली जातात. साल बघा. १० रुपयांच्या मोठ्या नाण्यावर १९७४ किंवा पुढचं साल असेल तर चांदीचा विषयच संपला. गांधींच्या नाण्यावर पाडल्याचं साल नाही, १८६९–१९४८ ही त्यांच्या आयुष्याची वर्षं आहेत. म्हणूनच ‘१८६९ सालचं नाणं’ अशा जाहिराती दिसतात. त्या जाहिरातीतल्या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

गुंतवणूक म्हणून या जुन्या चांदीचं मोजमाप सरळ आहे. वजन गुणिले कस गुणिले त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव. समजा चांदी १०० रुपये ग्रॅम आहे. मग गांधींच्या नाण्यात १२०० रुपयांची चांदी आणि १९७२ च्या नाण्यात ११२५ रुपयांची. विक्रेता यावर किती मागतो तो नाण्याचा, म्हणजे संग्राहकाचा भाग. साधारण प्रतीच्या नाण्यात हा भाग जितका कमी, तितका सौदा बरा. गांधींचं १० रुपयांचं नाणं लाखांच्या संख्येने पाडलं गेलं, घरोघरी जपलं गेलं आणि आजही प्रत्येक नाणे प्रदर्शनात टेबलागणिक दिसतं. त्याला ‘दुर्मीळ’ म्हणून दुप्पट पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जावं.

पण एक गोष्ट चांदी म्हणून घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही. नाणे कायदा, २०११ प्रमाणे सरकारने परत न घेतलेलं चालू नाणं वितळवणं किंवा मोडणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ‘फार तर आटवून चांदी काढू’ हा हिशेब कागदावरच ठेवायचा. शिवाय ५० टक्क्यांची मिश्रधातू शुद्ध करायला खर्च येतो, त्यामुळे सराफ अशा मालाला घट जास्तच धरतो. ज्याला केवळ चांदीत पैसा ठेवायचा आहे त्याने शुद्ध चांदीची लगड घ्यावी. ती मोडताना कुणी कसावरून वाद घालत नाही.

आता टाकसाळीचे नवे संच. २००६ साली सरकारी टाकसाळी आणि छापखाने एका कंपनीखाली आले. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. संचांची विक्री ऑनलाइन नोंदणीने होते आणि पैसे भरल्यावर पार्सल हातात पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, तेव्हा कुणाच्या वाढदिवसाला भेट द्यायची असेल तर ऐनवेळी नोंदणी करू नका. माल प्रत्यक्ष बघून निवडण्याची सोय नाही, हा या सेवेतला सगळ्यात मोठा तोटा. जे पार्सलमध्ये येईल ते आपलं.

या नाण्यांवरचा आकडा वाचून नवखा माणूस गोंधळतो. ६०, १२५, १५०, ३५०, ५५० हे आकडे धातूच्या किमतीचे नसून वर्षगाठीचे आहेत. कोलकात्याच्या अलीपूर टाकसाळीला ६० वर्षं झाली म्हणून ६० रुपये, रवींद्रनाथांच्या १५० व्या जयंतीला १५०, गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वाला ३५०, गुरू नानकांच्या ५५० व्याला ५५०. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा थेट १००० रुपयांचं नाणं आलं. कायद्याने याहून मोठ्या मूल्याचं नाणं काढताच येत नाही. ही नाणी व्यवहारात फिरवण्यासाठी काढलेलीच नाहीत. दुकानदार घेणार नाही आणि घेतलं तरी तुमचंच नुकसान.

नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं उदाहरणाला घेऊ. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम, कडेला २०० कंगोरे. धातू ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. १९४० पासून ब्रिटिश अमदानीच्या शेवटच्या चांदीच्या रुपयांत वापरलेली हीच मिश्रधातू. म्हणजे यातही चांदी १७.५ ग्रॅमच. संचाच्या किमतीत ही चांदी, घडणावळ, खोकं, छापील माहितीपत्रक, संग्राहक म्हणून मोजायचा जादा पैसा, त्यावर ३ टक्के जीएसटी आणि टपालखर्च असं सगळं येतं. संच आतल्या चांदीच्या दुप्पट किमतीला पडला असेल, तर चांदीचा भाव दुप्पट झाला की तुम्ही धातूच्या हिशेबाने जेमतेम मुद्दलावर येता, आणि भरलेला जीएसटी घरगुती खरेदीदाराला परत मिळत नाही. अलीकडच्या काही नाण्यांत हा हिशेब सुधारला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ९० वर्षांचं ९० रुपयांचं नाणं (२०२४) ४० ग्रॅमचं आणि ९९.९ टक्के चांदीचं आहे. गुंतवणुकीचा आग्रहच असेल तर निदान अशा शुद्ध चांदीच्या नाण्यांकडे बघावं, कसावरून होणारी घट तरी वाचते.

दुर्मीळतेचं काय? बहुतेक संच आलेल्या नोंदणीप्रमाणे पाडले जातात. विषय लोकप्रिय असला की नोंदणी भरपूर, म्हणजे नाणीही भरपूर, आणि ज्याने त्याने ती ‘वीस वर्षांनी विकू’ म्हणून न फोडता ठेवलेली. वीस वर्षांनी ती सगळी एकदम बाजारात येतात. उलट ज्या विषयाकडे नोंदणीच्या वेळी कुणी ढुंकून बघितलं नाही, त्याचा संच पुढे शोधूनही सापडत नाही. भाव चढतो तो अशा नावडत्या संचांचा. पण कोणता नावडता पुढे आवडता होईल हे आधी सांगणारा ज्योतिषी अजून या धंद्यात आलेला नाही.

यूएनसी की प्रूफ, हा प्रश्न बघण्यासाठी घेणाऱ्याला महत्त्वाचा. प्रूफसाठी ठसे खास घासून चमकवलेले असतात आणि एकाच नाण्यावर एकाहून अधिक वेळा दाब दिला जातो. त्यामुळे मोकळी पार्श्वभूमी आरशासारखी आणि उठावाचं चित्र दुधी दिसतं. मुंबई टाकसाळीच्या जुन्या प्रूफवर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असायचं, १९९६ पासून ‘एम’ असतं. यूएनसी म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं, पण यंत्रातून पडताना, मोजताना आणि भरताना नाण्यावर नाणं आपटून लागलेले बारीक टिचे त्यावर असू शकतात. खोक्यावरचं ‘यूएनसी’ हे मालाचं नाव आहे, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. ४४ मिलिमीटरच्या सपाट नाण्यावर असा टिचा नेमका चेहऱ्याच्या गालावर बसला तर परदेशी ग्रेडिंगवाले (नाण्याच्या दर्जाला आकडा देणाऱ्या कंपन्या) १ ते ७० च्या मोजपट्टीवर त्याला खाली ढकलतात, आणि वरच्या दोन-तीन आकड्यांतच किमतीचा सगळा फरक असतो. एका नाण्याच्या ग्रेडिंगची फी, विम्यासह जाण्यायेण्याचा खर्च आणि डॉलरचा भाव जमेला धरला, तर साध्या संचातलं नाणं तिकडे पाठवणं आतबट्ट्याचं ठरतं.

आता खरी गोची: खोकं उघडायचं की नाही? विकताना न उघडलेल्या संचाला भाव बरा मिळतो. पण न उघडता ठेवलेल्या संचात आत काय चाललंय ते कळत नाही. ५० टक्के चांदीत ४० टक्के तांबं असतं, आणि पावसाळी हवेत आधी तेच बोलतं. कडेपासून पिवळसर, मग तपकिरी, मग काळपट छटा आत सरकते. एकसारखी आणि पारदर्शक छटा असेल तर काही संग्राहक तिला जास्त पैसे देतात. ठिपक्या-ठिपक्यांचे काळे डाग आणि बोटांचे ठसे कुणालाच नको असतात. मखमलीखालचा गोंद, लाकडी खोक्याचं पॉलिश, पुठ्ठा, रबरबँड आणि वर्तमानपत्र या सगळ्यांतून सुटणाऱ्या वाफा, विशेषतः गंधकाच्या, चांदी काळी करतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही दूरच ठेवा.

म्हणून हौसेने घेणाऱ्याला सल्ला, की संच उघडा. नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या आणि प्रूफ उघडं असताना त्यावर बोलू नका. थुंकीचा सुईच्या टोकाएवढा कण पडला तरी काही महिन्यांत तिथे काळा ठिपका उगवतो आणि आरशासारख्या पार्श्वभूमीवर तोच आधी दिसतो. नाणं त्याच्या मापाच्या कडक अॅक्रिलिक कॅप्सूलमध्ये घाला. ४४ मिलिमीटरसाठी ४४ चीच हवी, ४६ च्या कॅप्सूलमध्ये ते हलतं आणि कडेला घासतं. मूळ खोकं आणि माहितीपत्रक फेकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. कॅप्सूल हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पावसाळ्याआधी बदला.

मऊ, लवचीक, नवीन पडद्यासारखा वास येणारं प्लास्टिक दिसलं की ते पीव्हीसी समजा. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो. तो लवकर सापडला तर निघतो. खिडकी उघडी ठेवून, जवळपास आग नसताना, काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. नाणं काही मिनिटं बुडवा, बाहेर काढून ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा एकदा, आणि मग घासपूस न करता हवेत वाळू द्या. थर जुना असेल तर खाली धातूच खाल्ला गेलेला असतो आणि त्याला इलाज नाही.

चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर यांनी देवघरातला तांब्या घासावा, नाणं नाही. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेषा दिसतात आणि उजेडात फिरवल्यावर मूळ चमक गोल फिरत नाही. एका घासण्यात संग्राहकाचा भाव जातो आणि उरतो तो फक्त चांदीचा.

खरं-खोटं तपासायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि चुंबक पुरतं. चांदीचं आणि तांबं-निकेलचं नाणं चुंबकाला चिकटत नाही. १९६४ चा नेहरूंचा रुपया आणि १९६९ चा गांधींचा रुपया निकेलचे आहेत (१० ग्रॅम, २८ मिलिमीटर), ते चिकटायलाच हवेत. चिकटले नाहीत तर माल खोटा. चांदीच्या नाण्यासाठी पाण्याची परीक्षा घ्या. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं पातळ दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काटा दाखवेल ते नाण्याचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. गांधींच्या १५ ग्रॅमच्या नाण्याला साधारण १.५ यायला हवेत, तेवढ्याच वजनाच्या तांबं-निकेलला १.७ च्या आसपास येतील. ३५ ग्रॅमच्या ५० टक्के चांदीच्या नाण्याला ३.७, तांबं-निकेल असेल तर ३.९. फरक लहान आहे, म्हणून नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून तीनदा मोजा. ही परीक्षा साध्या नाण्यावरच करा, प्रूफ पाण्यात घालायचं नाही.

हौस म्हणून सगळ्यात भरघोस परतावा मात्र साध्या, व्यवहारात फिरलेल्या स्मारक नाण्यांत आहे. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, शिवाजी महाराजांचं १९९९ चं २ रुपयांचं अकरा कोनी नाणं, तुकोबांचं २००२ चं २ रुपयांचं, टिळकांचं २००७ चं ५ रुपयांचं. एवढी पाच नाणी शेजारी मांडली की महाराष्ट्राची एक छोटी गॅलरी तयार होते, आणि खर्च चहा-वड्याच्या आसपास. पुढची पायरी टाकसाळीच्या खुणांची. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याची सापडतील तेवढ्या टाकसाळींची रूपं जमवणं हा खरा खेळ. यासाठी भिंग दहापटीचं घ्या, त्याहून मोठ्या भिंगात अख्खं नाणं मावत नाही आणि डोळे दुखतात. १९६९ चं गांधींचं २० पैशांचं पिवळं नाणं यात जरूर घ्या. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत, त्यामुळे ते आता निव्वळ संग्रहाचंच.

याच स्वस्त नाण्यांवर सगळ्यात महाग थापा मारल्या जातात. वैष्णोदेवीच्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणतात. ती २०१२ सालची, बाजारात सहज मिळणारी नाणी आहेत. ‘तुमचं नाणं पाच लाखांना विकलं गेलंय, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला की तो ठेवून द्यायचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे बजावलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि त्यासाठी तिने कुणाला फी गोळा करायला नेमलेलं नाही.

विकायची वेळ आली की खरेदी आणि विक्रीच्या भावातली दरी दिसते. व्यापारी आपल्याला विकतो त्या भावाने परत घेत नाही, साहजिक आहे, त्याला टेबलाचं भाडं आणि पडून राहणारा माल सांभाळायचा असतो. सामान्य संच व्यापाऱ्याला विकणं सगळ्यात सोपं, पण भाव खाली. लिलावात भाव बरा, पण लिलावगृहाचं कमिशन, वाट बघणं आणि किमान किमतीखाली माल न उचलला जाण्याची शक्यता. थेट दुसऱ्या संग्राहकाला विकलं तर दोघांचाही फायदा, म्हणून नाणेप्रेमींच्या मंडळात ओळखी ठेवाव्यात. काहीही असो, प्रत्येक नाण्यामागे एका ओळीची नोंद ठेवा. नाव, साल, टाकसाळ, वजन, घेतल्याची तारीख, किंमत. घरातल्या दुसऱ्या कुणाला विकावं लागलं तर ती वहीच उपयोगी पडते, नाहीतर आठशेचा प्रूफ रद्दीच्या भावाने जातो. टाकसाळीचं बिल संचासोबत असेल तर खरेपणाचा वाद उरत नाही आणि कर भरताना खरेदीची किंमतही दाखवता येते. बिल थर्मल कागदावरचं असेल तर लगेच झेरॉक्स काढा, वर्षा-दोन वर्षांत त्यावरची अक्षरं उडतात. आणि तो कागद कॅप्सूलच्या डब्यात नको, वहीत ठेवा.